दोन ऑडिओ इंटरफेस एकाच कॉम्प्युटरवर चालवायचे तर आधी क्लॉक बघा

जुना दोन माइकचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज डिजिटल करून कॉम्प्युटरला देणारा डबा) पडून आहे, नंतर एक चार इनपुटचा घेतला, आता दोन्ही लावले की सहा माइक एकदम रेकॉर्ड होतील असं साहजिकच वाटतं. होतात पण, फक्त दोन यूएसबी केबल खोचून काम भागत नाही. प्रत्येक इंटरफेसचं स्वतःचं क्लॉक, म्हणजे आवाज किती वेगाने मोजायचा ते ठरवणारं आतलं घड्याळ, असतं आणि दोन वेगळी क्लॉक कधीच तंतोतंत एका वेगाने चालत नाहीत, सगळी गडबड इथून सुरू होते.

दोन्हीकडे सँपल रेट ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने म्हणजे सँपल) लावलाय ना, मग काय प्रॉब्लेम? तर समजा एक इंटरफेस सेकंदाला बरोब्बर ४८,००० सँपल घेतोय आणि दुसरा ४८,००१. एका सँपलने काय होतंय असं वाटेल, पण मिनिटभरात ६० सँपल सरकले म्हणजे सव्वा मिलिसेकंद, आणि तासाभरात ७५ मिलिसेकंद, तेवढ्यात ड्रमचा एक फटका दोनदा ऐकू येतो. त्याच्या खूप आधी, एकाच वाद्यावरचे दोन माइक दोन इंटरफेसवर असतील तर फेज (दोन्हीकडच्या ध्वनिलहरींचा मेळ) बिघडून आवाज पोकळ वाटायला लागतो. शिवाय कॉम्प्युटर एकाच्या वेगाने चालतो, त्यामुळे दुसऱ्याचा बफर (आवाजाचा डेटा क्षणभर साठवायची जागा) कधी ओसंडतो कधी रिकामा पडतो, मधेच चट-चट आवाज येतात ते त्याचेच.

म्हणून सॉफ्टवेअरकडे वळायच्या आधी दोन्ही डबे उलटे करून मागची पोर्ट बघा. मुख्य इंटरफेसला एडॅट (एका केबलमधून अनेक चॅनल नेणारं डिजिटल कनेक्शन) ऑप्टिकल इन आणि दुसऱ्याला एडॅट आउट असेल तर तुमचं काम झालंच म्हणा. एका ऑप्टिकल केबलमधून ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झला ८ चॅनल जातात, ९६ ला ४ च. एसपीडीआयएफ (हेही एक डिजिटल कनेक्शन) असेल तर नेहमीच्या सेटअपमध्ये २ चॅनल मिळतात, दोन माइकच्या जुन्या इंटरफेसला तेवढे पुरतात. लक्षात ठेवा, एडॅट आणि ऑप्टिकल एसपीडीआयएफची केबल सारखीच दिसते पण आतला फॉरमॅट वेगळा, तेव्हा कंट्रोल पॅनलमध्ये दोन्हीकडे एकच फॉरमॅट निवडा नाहीतर काहीच ऐकू येणार नाही.

आता क्लॉक. जो सिग्नल पाठवतोय त्याचं क्लॉक इंटर्नल ठेवा, जो घेतोय आणि कॉम्प्युटरला जोडलाय त्याचा क्लॉक सोर्स एडॅट किंवा एसपीडीआयएफ करा, सँपल रेट दोघांचा एकच. लॉक किंवा सिंकचा दिवा स्थिर लागला पाहिजे, लुकलुकत असेल तर रेकॉर्डिंग सुरूच करू नका. पाठवणाऱ्याला कॉम्प्युटरला जोडायची गरज नसते, पण तो स्टँडअलोन (कॉम्प्युटरशिवाय) चालतो का आणि त्याचे माइक इनपुट डिजिटल आउटकडे राउट केलेत का ते आधी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बघून सेव्ह करा. अजून दुसरा डबा घ्यायचाच असेल तर माझं स्पष्ट मत, इंटरफेस घेऊ नका, बेहरिंगर एडीए८२०० सारखा एडॅटवाला ८ चॅनलचा प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा डबा) घ्या, ड्रायव्हरची भानगडच नाही.

डिजिटल पोर्टच नाहीये? मग जुन्याचा नुसता प्रीअँप करा. त्याचा डायरेक्ट मॉनिटर (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट बाहेर देणारी सोय) स्टिरिओत चालू करा, पहिला माइक डावीकडे दुसरा उजवीकडे, आणि मागचे दोन लाइन आउट नव्या इंटरफेसच्या रिकाम्या लाइन इनमध्ये टाका. नव्यावर ते इनपुट माइकवर नाही, लाइनवर (आधीच मोठा केलेल्या सिग्नलसाठी) ठेवायचे. जुन्याला पॉवर यूएसबीतूनच लागत असेल तर ती केबल राहू दे, फक्त कॉम्प्युटरचा आवाज त्यातून वाजणार नाही एवढं बघा. अर्थात नव्याकडे रिकामे लाइन इनपुट असतील तरच हे जमतं.

हे काहीच जमत नसेल तर सॉफ्टवेअर. मॅकवर सोपं आहे, ऑडिओ मिडी सेटअप उघडा, खाली प्लसवर क्लिक करून अॅग्रीगेट डिव्हाइस (दोन्ही मिळून एकच दिसणारं डिव्हाइस) बनवा, दोन्ही इंटरफेस टिक करा, क्लॉक सोर्समध्ये जो जास्त चांगला तो निवडा आणि ड्रिफ्ट करेक्शन (वेगातला फरक भरून काढणारी सोय) फक्त दुसऱ्यावर टिक करा, क्लॉकवाल्यावर नाही. मग रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये इनपुट म्हणून हे अॅग्रीगेट निवडायचं. ब्लूटूथ हेडफोन यात चुकूनही घालू नका. लिनक्सवर पाइपवायर हे ऑडिओ सॉफ्टवेअर दोन कार्डांतला फरक स्वतः रिसँपल करून (सँपल नव्याने मोजून) सांभाळतं. विंडोजवर मात्र जरा कटकट आहे, बहुतेक सॉफ्टवेअर एका वेळी एकच एएसआयओ ड्रायव्हर (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला इंटरफेसशी जोडणारा प्रोग्रॅम) घेतात. एएसआयओ४ऑल नावाच्या ड्रायव्हरमध्ये दोन डिव्हाइस एकत्र टिक करता येतात पण क्लॉक वेगळी असतील तर लांब रेकॉर्डिंगमध्ये चट-चट येण्याची शक्यता राहतेच, एखाद्या छोट्या डेमोला ठीक. एकाच कंपनीचे दोन असतील तर आधी मॅन्युअल वाचा, आरएमई आणि मोटूसारख्यांचे काही ड्रायव्हर एकापेक्षा जास्त युनिट एकत्र चालवतात.

काहीही केलंत तरी खऱ्या सेशनआधी टेस्ट घ्या. दोन्ही इंटरफेसचा एकेक माइक शेजारी शेजारी ठेवा, रेकॉर्ड दाबा, एक टाळी वाजवा, अर्धा तास तसंच चालू ठेवा, परत एक टाळी. वेव्हफॉर्म झूम करून दोन्ही ट्रॅकमधलं अंतर सँपलमध्ये मोजा. पहिल्या टाळीला जेवढं अंतर तेवढंच शेवटच्या टाळीला असेल तर ती नुसती लेटन्सी (ठरावीक उशीर) आहे, ट्रॅक तेवढा सरकवला की झालं. अंतर वाढलेलं दिसलं तर क्लॉक लॉक नाहीये. तोवर स्टिरिओ जोडी आणि ड्रमचे सगळे माइक एकाच इंटरफेसवर घ्या, दुसऱ्यावर गाणं, बोलणं असं एकटं काहीतरी ठेवा.