आईच्या वहीतली तारीख

रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे मूत्रपिंडातून लघवीवाटे प्रथिनं जाऊन अंगावर सूज येण्याचा आजार, असलेली चार वर्षांची एक मुलगी ओपीडीत यायची. तिची आई रोज सकाळी परीक्षानळीत लघवी घ्यायची, प्रथिनं असतील तर लघवी गढूळ करणाऱ्या सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकायची आणि जे दिसेल ते वहीत उतरवायची. स्वच्छ, किंचित गढूळ, दुधाळ, दही फुटल्यासारखं. प्रत्येक तारखेपुढे अधिकची चिन्हं. मी वही चाळायचो, गोळ्या लिहून द्यायचो आणि केसपेपरवर एकच शब्द टाकायचो: रिलॅप्स, म्हणजे आजार उलटला.

पुढे अनेक केंद्रांच्या एका सामाईक अभ्यासासाठी आमच्या मुलांची माहिती भरायचं काम माझ्याकडे आलं. त्यात एक रकाना होता, रेमिशनची, म्हणजे आजार आटोक्यात आल्याची तारीख. व्याख्याही दिलेली: सलग तीन दिवस लघवीत प्रथिनं नाहीत किंवा नाममात्र. मी केसपेपर काढून बसलो, तर ती तारीख एकाही कागदावर सापडेना. त्या आईच्या वहीत मात्र ती होती, तीन दिवसांच्या तीन ओळींसकट. त्या संध्याकाळी मला मुलांच्या मूत्रपिंडविकारांच्या क्षेत्रातल्या संघटनेचं काम खऱ्या अर्थानं कळलं. तोवर संघटना म्हणजे वार्षिक परिषद आणि भिंतीवरचं प्रमाणपत्र, एवढीच माझी समजूत होती.

मुलांचे मूत्रपिंडविकार कोणत्याही एका रुग्णालयात थोडेच दिसतात. त्यातले कित्येक जन्मजात, कित्येक जनुकीय, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एखादा आजार तुमच्या वॉर्डात चार-पाच वर्षांतून एकदा येईल. तेवढ्यावरून औषध किती दिवस द्यायचं हे कसं ठरवणार? हे विकार पाहणारे डॉक्टर एकत्र आले ते या अडचणीपोटी. 1967 साली ग्लासगोत युरोपातल्या बालमूत्रपिंडतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली. 1968 मध्ये मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा इथं आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला. 1969 मध्ये अमेरिकेतली संघटना उभी राहिली आणि 1971 मध्ये इंटरनॅशनल पेडिअॅट्रिक नेफ्रॉलॉजी असोसिएशन ही आंतरराष्ट्रीय संघटना, जिला आपण सगळे ‘इप्ना’ म्हणतो. तिचं ‘पेडिअॅट्रिक नेफ्रॉलॉजी’ हे नियतकालिक 1987 पासून निघतंय. आज यातल्या कोणत्याही परिषदेला गेलात तर दालनांच्या गर्दीत तुम्ही हरवून जाल, पण सुरुवात मूठभर लोकांनी केली. तेव्हा हा विषय बालरोगशास्त्राची वेगळी शाखा मानावा की नाही, इथूनच वाद होता.

माझ्या मते खरा पाया घातला तो 1967 ते 1974 या काळात मुलं नोंदवणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटानं. नेफ्रोटिक सिंड्रोमच्या 521 मुलांची बायोप्सी, म्हणजे सुईनं काढलेला मूत्रपिंडाचा तुकडा, एकाच पद्धतीनं तपासली गेली. त्यांच्यातल्या साधारण तीन-चतुर्थांश मुलांमध्ये ‘मिनिमल चेंज’, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास काहीच बदल न दिसणारा प्रकार, निघाला आणि अशा मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांना प्रेडनिसोन हे स्टेरॉइड लागू पडलं. आज ठरावीक वयाचं, इतर काही धोक्याची खूण नसलेलं मूल सुजून आलं की आपण आधी सुई टोचत नाही, स्टेरॉइड सुरू करतो. त्या निर्णयामागे ही 521 मुलं आहेत. एकेका डॉक्टरला त्यातली किती पाहायला मिळाली असती याचा विचार करा.

पहिल्या वेळी उपचार किती काळ द्यावा, यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. जास्त दिवस दिलं तर रिलॅप्स कमी होतील, असं बराच काळ मानलं जाई. मग नेदरलँड्स, जपान, भारत आणि ब्रिटन इथल्या चाचण्यांतून दिसलं की लांबवून विशेष फायदा होत नाही. 2022 च्या इप्नाच्या मार्गदर्शक सूचनांनी 8 किंवा 12 आठवडे हाच उपचार ठेवला. त्याच सूचनांनी ‘वारंवार रिलॅप्स’ची व्याख्याही बदलली: वर्षात चार ऐवजी तीन. आकडा एकानंच कमी झाला, पण तिसऱ्याच रिलॅप्सला दुसऱ्या औषधाचा विचार सुरू होतो आणि त्या मुलाला स्टेरॉइडचे आणखी काही महिने सोसावे लागत नाहीत. शब्दांवर असं भांडायला आणि मग एकमत करायला कुणीतरी एकत्र बसावं लागतं.

म्हणून नवीन येणाऱ्यांना सांगतो, सभासदत्व प्रशिक्षण संपेपर्यंत लांबवू नका. शिकाऊ डॉक्टरांसाठी बहुधा सवलत असते. मार्गदर्शक सूचना वाचताना शेवटच्या तक्त्यावर थांबू नका. एखादी शिफारस कमकुवत पुराव्यावर उभी आहे असं तिथं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि पुढच्या अभ्यासाचा विषय नेमका तिथंच सापडतो. पहिल्या परिषदेत मोठ्या व्याख्यानांमागे धावण्यात मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी पोस्टरपाशी उभा राहिलो, तर शेजारच्या पोस्टरवाल्या डॉक्टरनं सिस्टिनोसिस या दुर्मीळ जनुकीय आजाराच्या मुलाला औषध गिळवायची युक्ती सांगितली. ती अजून वापरतो.

साधनं कमी असलेल्या ठिकाणी काम करणार असाल तर इप्नाची फेलोशिप नक्की बघा. परदेशातल्या केंद्रात शिकायचं आणि परत आपल्याकडे येऊन काम करायचं, अशी तिची रचना. तसंच ‘सेव्हिंग यंग लाइव्ह्ज’ हा उपक्रम. इतर संघटनांबरोबर 2012 च्या सुमारास सुरू झालेला हा उपक्रम मूत्रपिंडं अचानक बंद पडलेल्या मुलांसाठी पोटातलं डायलिसिस, म्हणजे पोटात द्रावण भरून त्यावाटे रक्तातली घाण काढणं, करायला रुग्णालयांतल्या चमूंना शिकवतो. तयार द्रावण मिळत नसेल तर रिंगर लॅक्टेटमध्ये डेक्स्ट्रोज मिसळून द्रावण कसं बनवायचं, ते निर्जंतुक कसं राखायचं, इथपर्यंत. हे हाताचं काम आहे. पहिल्यांदा पोटातून द्रावण परत बाहेर येताना नळीतली धार पाहिली की अंगावर काटा येतो. बाटली भरत जाते आणि बाळाचा श्वास मोकळा होत जातो.

संघटनेत उणिवाही आहेत. बराच डेटा अजून श्रीमंत देशांतून येतो. जिथं मुलं जास्त आजारी पडतात तिथल्या नोंदी कमी असतात, कारण नोंद करायला माणूस नसतो. मला याचं वाईट वाटतं, आणि तुमच्यासारख्या नव्या डॉक्टरांची सगळ्यात जास्त गरज इथंच आहे. एका वॉर्डातली दहा मुलं नीट नोंदवली तरी ती मोजली जातात.

त्या मुलीच्या आईला मी पुढच्या भेटीत विचारलं, वहीच्या पानांच्या प्रती काढू का? तिनं वही पिशवीत टाकली, पुन्हा बाहेर काढली आणि म्हणाली, ‘घ्या, पण जपून. मागची दोन वर्षं यातच आहेत.’ आता माझ्या ओपीडीत प्रत्येक कुटुंबाला पहिल्याच दिवशी वही देतो. पहिल्या पानावर व्याख्या लिहिलेल्या असतात, सलग तीन दिवसांच्या.