पैसे घेऊन पॉलिटिकल रील करायच्या आधी

निवडणूक लागली की बरे फॉलोअर्स असलेल्यांना मेसेज सुरू होतात, "भाऊ, साहेबांवर एक रील टाक, कॅश देतो". कॅश म्हटलं की तिथंच थांबायचं. आधी पैसे कोण देतंय ते लेखी घ्या. पक्ष किंवा उमेदवार नसून कोणी हितचिंतक असेल तर उमेदवाराचं लेखी संमतीपत्र मागाच, कारण त्याशिवाय प्रचारावर खर्च करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा आहे, दंड १० हजारांपर्यंत, आणि तुम्ही प्रेमापोटी स्वतःच्या खिशातून पोस्ट बूस्ट केलीत तरी सुटका नाही.

मग बिल. उमेदवाराच्या नावाने, काम काय ते लिहून, पेमेंट बँकेतूनच. निवडणूक आयोगाने २०१३ सालीच सांगितलंय की सोशल मीडियाच्या जाहिराती, कंटेंट बनवायचा खर्च, अकाउंट सांभाळणाऱ्यांचे पगार सगळं उमेदवाराच्या खर्चात धरायचं, आणि त्याला मर्यादा आहे, महाराष्ट्रात विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. कॅशमध्ये केलेली रील म्हणजे ही मर्यादा चुकवायला मदतच झाली ना, मला तरी हे मतदाराला फसवणंच वाटतं.

पैसे देऊन चालवायची जाहिरात असेल तर एमसीएमसी म्हणजे आयोगाच्या माध्यम समितीचं प्रमाणपत्र आधी हातात हवं. पक्ष-उमेदवाराने निदान ३ दिवस आधी अर्ज करायचा, बाकीच्यांनी ७, म्हणून "आज रात्रीच टाक" म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. स्वतःचं मत स्वतःच्या अकाउंटवर फुकट मांडायला हे प्रमाणपत्र लागत नाही, तो हक्क कोणी काढून घेतलेला नाही.

मतदान संपायच्या आधीचे प्रचारबंदीचे ४८ तास कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि शेड्यूल केलेल्या पोस्टही तपासा, त्याच राहून जातात. सरकारी नोकरीत असाल तर हे काम घेऊच नका, सेवानियमांत राजकीय प्रचाराला मनाई आहे. चालू घडामोडींचं चॅनल कंपनी किंवा संस्थेच्या नावावर असेल तर परदेशातून देणगी चालत नाही, एफसीआरए २०१० म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचं कलम ३ वाचा. झेडपी-पालिकेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे असतात, त्यांचे आदेश वेगळे बघा.

आणि बिल लगेच पाठवा, निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराला खर्चाचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, त्यात तुमची रील दिसलीच पाहिजे.