म्हापशाच्या बाजारात आदोळी घेताना

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आदोळी, म्हणजे आपली विळी, घ्यायची तर आधी जमिनीवर ठेवून पाट दाबून पाहा. डुगडुगली तर घेऊ नका, धार कितीही चांगली असो. खोवणीचे दाते बोटाने चाचपा. बोथट दात्यांनी नारळ खोवला जात नाही, नुसता कुस्करतो.

पातं लोखंडी की स्टीलचं? इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या, तुकड्यांना मी लोखंडीच वापरते, कारण त्याला घरी सहज धार लावता येते. मात्र पावसाळ्यात ते एका रात्रीत गंजतं, म्हणून धुऊन, पुसून खोबरेल लावायचं. कैरी, लिंबू चिरायला स्टीलची वेगळी सुरी ठेवा. आंबटाने लोखंड काळं पडतं आणि फोडीही.