प्लॅटिनम बदलून टायमिंग कसं लावावं

सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी दमते, चढाला पिकअप मेलेला असतो आणि जरा रेस केली की गाडी मिसिंग मारते. जुन्या, साध्या गाडीची ही तक्रार ऐकली की जो तो कार्ब्युरेटर उघडायला सांगतो. उघडू नका. आधी डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगीचा करंट वाटणाऱ्या डब्याची) टोपी काढून आतले प्लॅटिनम पॉइंट बघा. मी स्वतः दोनदा चांगला चालणारा कार्ब्युरेटर विनाकारण खोलून ठेवला आणि दोन्ही वेळा दोष पॉइंटमध्येच निघाला.

प्लॅटिनम हे नुसतं नाव उरलंय. सुरुवातीच्या काळात खरंच प्लॅटिनम असायचं. आता त्या दोन टिकल्या टंगस्टनच्या असतात. त्या टेकलेल्या असताना कॉइलमध्ये करंट वाहतो. उघडल्या की तो तुटतो आणि कॉइलमधून वीसेक हजार व्होल्टचा झटका प्लगला जातो. अमेरिकन इंजिनिअर चार्ल्स केटरिंगने ही व्यवस्था बसवली, 1912 च्या कॅडिलॅकमध्ये ती आली, आणि पुढे साठेक वर्षं जगभरच्या साध्या गाड्या तिच्यावरच धावल्या. चार सिलिंडरचं इंजिन 3000 आरपीएमला फिरत असेल तर या टिकल्या सेकंदाला 100 वेळा उघडझाप करतात. त्यामुळे त्या झिजतात याचं नवल नाही. इतके दिवस टिकतात याचंच नवल.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा, पुढचं सगळं तिच्यावर चालतं. पॉइंटच्या हलत्या पट्टीला एक टाच असते आणि ती मधल्या चौकोनी कॅमवर घासते. टाच झिजली की गॅप, म्हणजे उघडलेल्या टिकल्यांमधलं अंतर, कमी होतो. गॅप कमी झाला की टिकल्या उशिरा उघडतात, म्हणजे टायमिंग, ठिणगी पडण्याची वेळ, मागे सरकतं. तुम्ही डिस्ट्रिब्युटरला हात लावला नाहीत तरी सरकतं. ड्वेल मीटर असलेल्यांसाठी हिशेब सोपा आहे: ड्वेल (टिकल्या टेकलेल्या राहतात तो कॅमचा कोन) 1 अंश वाढला की टायमिंग क्रँकवर 1 अंश मागे. म्हणून गॅप लावून टायमिंग सोडून देणारा माणूस अर्धं काम करतो. आधी टायमिंग लावून मग गॅपला हात घालणारा तर केलेलं कामही बिघडवतो.

जुने काढा, नवे बसवा

टोपीच्या क्लिपा काढा आणि टोपी वायरींसकट बाजूला ठेवा. प्लगच्या वायरी टोपीतून उपसू नका. कोणती कुठली हे लक्षात राहील असं वाटतं, पण राहत नाही. मिनी आणि मॉरिस मायनरचा फायरिंग क्रम (सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम) 1-3-4-2, फोक्सवॅगन बीटलचा 1-4-3-2. एकाची सवय झालेला माणूस दुसऱ्यावर हमखास चुकतो. रोटर, म्हणजे टोपीखाली फिरणारा तुकडा, वर खेचून काढा.

पॉइंटचा स्क्रू एवढासा असतो आणि त्याच्याखाली प्लेटमध्ये भोकं असतात. त्या भोकांच्या खाली अ‍ॅडव्हान्सची वजनं आणि स्प्रिंगा, वेग वाढला की टायमिंग पुढे नेणाऱ्या. स्क्रू आत पडला तर अख्खा डिस्ट्रिब्युटर बाहेर काढावा लागतो. माझा पडलाय. तेव्हापासून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला ग्रीसचा ठिपका लावल्याशिवाय मी त्या स्क्रूला हात लावत नाही, आणि भोकांत कापडाची चिंधी खुपसून ठेवतो.

नवे पॉइंट बसवताना वायरींचा खांब नीट बघा. पॉइंटची स्प्रिंग, कंडेन्सरची (टिकल्यांवरचं स्पार्किंग आवरणाऱ्या डबीची) वायर आणि कॉइलकडून येणारी वायर, ही तिन्ही एकमेकांना टेकली पाहिजेत, पण मधल्या खांबाला टेकता कामा नयेत. त्यासाठीच ते प्लॅस्टिकचं बारकं टोपीवजा वॉशर असतं. ते उलटं बसलं की करंट थेट अर्थ होतो, म्हणजे गाडीच्या लोखंडात उतरतो, आणि गाडी मेल्यासारखी पडून राहते. म्हणून जुनं काढतानाच फोटो घ्या.

नव्या टिकल्यांवर गंज टाळण्यासाठी तेलाचा पातळ थर असतो. स्पिरिटने पुसा. कॅमवर तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस लावा, त्याहून जास्त नको, कारण जास्तीचं उडून टिकल्यांवर बसतं आणि तिथेच जळतं.

कंडेन्सर चांगला चालत असेल तर उगाच बदलू नका. नवा आणलाच असेल तर जुना गाडीत ठेवा. नवे पहिल्या महिन्यात गेलेले मी पाहिलेत आणि माझ्या गाडीतला जुना अजून चालतोय.

गॅप

इंजिन हाताने फिरवा. क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावा, प्लग काढून ठेवा म्हणजे हलकं फिरतं. टाच कॅमच्या बरोबर कोपऱ्यावर आली की गॅप सर्वांत मोठा असतो, मोजायचा तो तिथे. आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातला घ्या. बऱ्याच चार सिलिंडरच्या गाड्यांना तो 0.4 मिलिमीटरच्या आसपास असतो. फिलर गेजची 0.4 ची पाती किंचित अडखळत सरकली पाहिजे, 0.35 ची सैल जायला हवी आणि 0.45 ची जाताच कामा नये. पातीवरचं तेल आधी पुसा.

जुन्या पॉइंटवर फिलर गेज चालवू नका. वापरून वापरून एका टिकलीवर उंचवटा येतो आणि समोरचीत खड्डा पडतो. पाती उंचवट्याच्या टोकावर टेकते, खड्ड्याची खोली तिला दिसतच नाही. तुम्हाला वाटतं गॅप 0.4 आहे, प्रत्यक्षात तो जास्त असतो. आणि पॉलिश पेपरने घासायचा सल्ला तर ऐकूच नका, त्याचे कण टिकलीत रुतून बसतात. अडीअडचणीला पॉइंट फाइलने सपाट करा आणि घरी पोचलात की बदला.

टायमिंग, जिथे सगळे अडखळतात

आता खरं काम. सगळ्यात वाईट सल्लाही याच टप्प्यावर मिळतो: "इंजिन चालू ठेव, डिस्ट्रिब्युटर सैल कर, फिरवत राहा, आवाज गोड आला की आवळ." मीही हेच केलं होतं. उभ्या गाडीत टायमिंग जितकं पुढे न्याल तितकं इंजिन वर चढतं आणि आवाज खुलतो, त्यामुळे कान प्रत्येक वेळी तुम्हाला पुढेच ढकलतो. माझी गाडी आयडलिंगला अशी गुणगुणत होती की मी दोघातिघांना बोलावून ऐकवलं. पुढच्या आठवड्यात पाच माणसं आणि सामान घेऊन एका लांब चढाला लागलो तेव्हा बॉनेटखालून बरणीत खिळे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. मी खिडकी वर केली. महिन्याभरात हेड उघडावं लागलं, तेव्हा पिस्टनच्या कडेला बारीक बारीक खड्डे पडलेले होते. कानाने टायमिंग लावणाऱ्याला मी आता माझ्या गाडीजवळ उभं करत नाही.

यासाठी लागतो एक बल्ब. 12 व्होल्टचा, 5 वॉटचा, दोन वायरी जोडलेला. कॉइलवर दोन बारक्या वायरी असतात: एक इग्निशन स्विचकडून येते, दुसरी डिस्ट्रिब्युटरच्या अंगात जाते. बल्बचं एक टोक या दुसऱ्या वायरीच्या टर्मिनलवर लावा आणि दुसरं इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला. टिकल्या टेकलेल्या असतील तर बल्ब विझलेला राहतो, उघडल्या की पेटतो. ठिणगी पडण्याचा क्षण असा डोळ्यांनी दिसतो.

पुली किंवा फ्लायव्हीलवरच्या टायमिंगच्या खुणा शोधा, ब्रशने घासा आणि हव्या त्या खुणेवर पांढरा ठिपका द्या. टीडीसीची (पिस्टन सगळ्यात वर पोचतो त्या क्षणाची) खूण वेगळी, टायमिंगची वेगळी. बीटलच्या बऱ्याच मॉडेलांना टीडीसीच्या 7.5 अंश आधी सांगितलेलं असतं. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकात बघा, शेजाऱ्याच्या गाडीचा घेऊ नका. इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने फिरवत खूण जुळवा. खुणेच्या पुढे गेलात तर पाना उलटा फिरवून थेट खुणेवर आणू नका. डिस्ट्रिब्युटर फिरवणाऱ्या गिअरमध्ये थोडा प्ले असतो आणि उलट फिरवलं की तो प्ले तुमच्या मापात घुसतो. पाव फेरा मागे जा, मग पुन्हा सरळ दिशेने या.

चार स्ट्रोकच्या इंजिनात ही खूण दोनदा जुळते. एकदा पहिल्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनला आणि एकदा चौथ्याच्या, किंवा बीटलसारख्या इंजिनात तिसऱ्याच्या. यावरून फार घोळ घातला जातो. तुम्ही डिस्ट्रिब्युटर जागेवरून उपसला नसेल आणि वायरी हलवल्या नसतील तर दोन्ही वेळा पॉइंट उघडतातच, कुठलाही धरा, काम होतं. डिस्ट्रिब्युटर बाहेर काढला असेल तर मात्र पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरा. कॉम्प्रेशन आलं की हवा अंगठा फटकन उडवते. त्याच फेरीत खूण जुळली पाहिजे आणि रोटरचं तोंड पहिल्या वायरीकडे हवं.

खूण जुळली. आता इग्निशन चालू करा, डिस्ट्रिब्युटरच्या बुडाचा क्लॅम्प हाताने जेमतेम फिरेल इतकाच सैल करा. रोटर कुठल्या दिशेने फिरतो ते आधी बघून ठेवलेलं असलं पाहिजे (मिनीत घड्याळाच्या उलट, बीटलमध्ये घड्याळाच्या दिशेने). बॉडी रोटरच्या दिशेने फिरवा, बल्ब विझेल. मग रोटरच्या विरुद्ध दिशेने, अगदी हळू, श्वास रोखून. ज्या क्षणी बल्ब पेटेल तिथे थांबा. विरुद्ध दिशा म्हणजे टायमिंग पुढे, रोटरची दिशा म्हणजे मागे, हे टोपीच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवलंत तरी चालेल. मी रेडिएटरच्या पत्र्यावर लिहिलंय.

आणि इथे, काम झालं असं वाटतं नेमकं तिथे, मी वर्षभर चुकत होतो. बल्ब पेटला, मी खूश, क्लॅम्प आवळला, टोपी लावली. क्लॅम्पचा बोल्ट आवळताना डिस्ट्रिब्युटरची बॉडी त्याच्यासोबत केसभर फिरते. डोळ्याला दिसत नाही, पण बॉडीवरचा 1 अंश म्हणजे क्रँकवर 2 अंश, कारण डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणून आवळून झालं की इंजिन सरळ दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणेजवळ येताना बल्बवर डोळा ठेवा. खूण जुळते त्याच क्षणी पेटला पाहिजे. आधी पेटला तर टायमिंग पुढे आहे, नंतर पेटला तर मागे. पहिल्या फटक्यात बरोबर येत नाहीच. मला अजूनही दोनतीनदा करावं लागतं, आणि एकाच प्रयत्नात जमलं म्हणणाऱ्याने तपासलेलं नसतं.

बल्ब कधीच पेटत नसेल तर करंट कुठेतरी अर्थ होतोय, ते टोपीवजा वॉशर बघा. कधीच विझत नसेल तर टिकल्या टेकतच नाहीत किंवा त्यांच्यावर तेल आहे. आणि हे सगळं चालू असताना चहाला जाऊ नका. पॉइंट टेकलेले आणि इग्निशन चालू असलं की साध्या कॉइलमधून चारेक अँपिअर सतत वाहत राहतो. पाच मिनिटांत कॉइलला हात लावून बघा म्हणजे कळेल. मध्ये थांबायचं झालं की चावी बंद.

टायमिंग लाइट (चालत्या इंजिनावर खूण दाखवणारा दिवा) असेल तर गाडी चालू झाल्यावर शेवटी लावून बघा. पुस्तक सांगत असेल तर डिस्ट्रिब्युटरला जोडलेली व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, नाहीतर आकडा खोटा येतो. लाइट नसेल तर बल्ब पुरेसा आहे. आता प्लग, रोटर आणि टोपी लावा, सेल्फ मारा. रोटर विसरलात तर इंजिन नुसतं फिरत राहील. हसू नका, एकदा तरी विसरालच.

त्यानंतर माणसं बसवून चढाला घेऊन जा, टॉप गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर दाबून. खिळ्यांचा आवाज आला तर बॉडी रोटरच्या दिशेने केसभर मागे घ्या आणि पुन्हा जा. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला भराभर बसते, तेव्हा 500 किलोमीटरनंतर टोपी उघडून गॅप आणि त्याच्यापाठोपाठ बल्ब, दोन्ही एकदा पुन्हा तपासा. चिंधी खुपसायला विसरू नका.