ओव्हनमधले छोटे फुगीर पॅनकेक: फसतात कुठे आणि सुधारायचे कसे

सगळ्यात आधी एक तक्रार बाजूला काढू, कारण ती खरं तर तक्रारच नाही. ओव्हनमध्ये टम्म फुगलेला पॅनकेक बाहेर काढला की दोन-तीन मिनिटांत मधून खाली बसतो. तो बसणारच. यात सोडा नसतो, बेकिंग पावडर नसते. फुगवायचं काम एकटी वाफ करते. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १,६०० पट जागा लागते. ती वाफ बॅटरला वर ढकलते आणि तेवढ्यात अंड्यातली प्रथिनं आणि मैद्यातला स्टार्च उष्णतेने घट्ट होऊन भिंती उभ्या करतात. बाहेर आल्यावर वाफ निवते आणि मधला मऊ भाग खाली जातो. कडा मात्र उभ्या राहतात. मध्ये जो खोलगट वाडगा तयार होतो, फळं भरायची ती त्यातच.

तेव्हा चिंता करायची ती ओव्हनमध्येच न फुगलेल्या पॅनकेकची, किंवा काढल्यावर कडांसकट सपाट झालेल्याची.

पुढचं बोलणं नीट कळावं म्हणून प्रमाण सांगून ठेवते. १२ खाचांच्या मफिन ट्रेला ६ अंडी, २४० मिली दूध, १२५ ग्रॅम मैदा, एक मोठा चमचा साखर, पाव चमचा मीठ आणि हवा असल्यास थोडा व्हॅनिला इसेन्स. ट्रेला लावायला साधारण ६० ग्रॅम बटर, म्हणजे प्रत्येक खाचेला एक छोटा चमचा. ओव्हन २२० अंशांवर, पंखा चालू असेल तर २०० वर. वेळ १३ ते १६ मिनिटं.

ट्रे थंड असणं

दहातल्या सात-आठ वेळा दोष इथेच सापडतो, असं माझं मत आहे, आणि लोक मात्र पाककृती बदलत बसतात. बॅटर गरम धातूवर पडताक्षणी खालून वाफ सुटायला हवी. ट्रे कोमट असेल तर बॅटर हळूहळू तापतं, वरची साय आधी घट्ट होते आणि आत वाफ जोर धरेपर्यंत वर उचलण्यासारखं काही उरतच नाही. मग गोड ऑम्लेट मिळतं.

ओव्हनचा दिवा विझला किंवा बीप वाजली म्हणजे आतली हवा तापली, एवढंच. भिंती आणि ट्रे तापायला आणखी १० ते १५ मिनिटं लागतात. म्हणून रिकामा ट्रे पहिल्यापासून आतच ठेवायचा. नॉनस्टिक ट्रे असेल तर तो किती तापमानाला चालतो हे त्याच्यावर किंवा खोक्यावर छापलेलं असतं, ते आधी बघा. लहान ओटीजीत आणखी एक भानगड असते: दार उघडलं की उष्णता भसकन बाहेर जाते. तिथे २३० वर तापवून, ट्रे आत सरकवल्यावर २२० वर आणलेलं बरं. बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यात १०-२० अंशांचा फरक असणं अगदी नेहमीचं आहे. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर हा फरक लगेच दाखवतो. माझ्या मते या पदार्थासाठी महागड्या तव्यापेक्षा तो जास्त उपयोगाचा.

ओततानाही ट्रे निवतो. बारा खाचांत चमच्याने बॅटर घालत बसलात तर शेवटच्या खाचेपर्यंत पहिली थंड झालेली असते. बॅटर चोचीच्या जगमध्ये ठेवा, ट्रे बाहेर काढा, ओव्हनचं दार लगेच लावा, भराभर ओता आणि अर्ध्या मिनिटाच्या आत ट्रे परत आत. बॅटर पडताना ‘चर्र’ आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर थांबा, ट्रे पुन्हा तापवा.

ट्रे मधल्या कप्प्यावर किंवा त्याच्या एक खाली. वरची कॉइल जवळ असेल तर माथा करपतो आणि फुगणं अर्धवट राहतं. सिलिकॉनचे साचे इथे विसरा, ते उष्णता धरून ठेवत नाहीत. तापलेल्या काचेच्या भांड्यात थंड बॅटर ओतणं तर धोक्याचं, काच तडकू शकते. सिरॅमिकच्या रॅमेकिनचंही (लहान वाट्यांचंही) तेच. मोठ्या तापमानबदलाला चालतात असं लिहिलेलं नसेल तर नकोच. लोखंडी छोटे तवे सगळ्यांत उत्तम.

बटर जळणं, किंवा तळं होणं

बटर घालूनच ट्रे तापवायला ठेवला तर बटरमधला दुधाचा अंश २२० अंशांवर काही मिनिटांतच काळा पडतो आणि पॅनकेकच्या बुडाला कडवट चव येते. रिकामा ट्रे तापू द्या, मग प्रत्येक खाचेत बटर टाका, एखादं मिनिट आत ठेवा. फेस आला की ओता. अर्धं बटर आणि अर्धं तूप घेतलंत तर जळायची भीती कमी, कारण तुपात तो दुधाचा अंश नसतो. ब्रशने खाचेच्या कडांनाही लावा, चिकटतं ते तिथेच. मात्र सढळ हाताने जास्त बटर घालू नका. ते बॅटरच्या वर येऊन साचतं आणि मधला भाग तेलकट, दडस होतो.

बॅटरमधल्या गडबडी

फ्रीजमधून काढलेली अंडी आणि गार दूध तापलेल्या ट्रेची सगळी मेहनत वाया घालवतात. अंडी सालीसकट कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, दूध नुसतं कोमट करा.

मैदा कपाने मोजत असाल तर दाबून भरू नका. हलक्या हाताने भरलेला कप १२० ते १२५ ग्रॅमचा असतो, ठासून भरलेला सहज १५० च्या वर जातो. तेवढ्या फरकाने बॅटर जड होतं आणि पॅनकेक ब्रेडसारखे लागतात. वजनकाटा वापरा. बॅटर क्रीमइतपत पातळ हवं, ओतताना धार तुटता कामा नये.

ब्लेंडरमध्ये अर्धं मिनिट पुरतं. मग २०-३० मिनिटं झाकून ठेवा, मैदा ओलावा शोषून घेतो आणि घुसळण्याने त्यात आलेला ताण सैल पडतो. आदल्या रात्री बॅटर करून फ्रीजमध्ये ठेवलं तरी चालतं. सकाळी अर्धा तास आधी बाहेर काढून नीट ढवळायचं, कारण मैदा तळाशी बसलेला असतो.

आणि कृपा करून बेकिंग पावडर घालू नका. फुगत नाही म्हटल्यावर हात तिकडेच जातो, कळतं मला. पण पावडरने बॅटरभर बारीक बुडबुडे होतात आणि स्पंजासारखा मफिन तयार होतो. आपल्याला हवी आहे ती पोकळी आणि तिच्याभोवतीच्या खरपूस कडा. साखरही वाढवू नका, रंग लवकर चढतो आणि आत कच्चं राहतं.

कणकेचे होतील का? पाव भाग कणीक आणि बाकी मैदा इथपर्यंत ठीक. पूर्ण कणकेचे फारसे फुगत नाहीत, कोंडा भिंतींना आधार देण्याऐवजी त्या तोडतो. अंड्याशिवाय मात्र हा पदार्थ होत नाही. वाफ धरून ठेवणाऱ्या भिंती मुख्यतः अंड्याच्याच असतात. अंडं नको असेल तर सरळ तव्यावरचे पॅनकेक करा, ते छान होतात.

खाचा अर्ध्याच भरा. काठोकाठ भरल्या तर बॅटर शेजारच्या खाचेत उतू जातं, जोडीने चिकटतं, वाकडं फुगतं. तसं थोडं वाकडं-तिकडं फुगणं चालायचंच, त्यात चूक काही नाही.

दार उघडणं आणि लवकर काढणं

पहिली १२ मिनिटं काचेतूनच बघा. भिंती घट्ट व्हायच्या आत दार उघडलं की वाफ निवते आणि सगळं खाली येतं. मग परत फुगत नाही.

दुसरी चूक म्हणजे रंग सोनेरी दिसताच काढणं. तो रंग फसवा आहे. कडा गडद तपकिरी होऊ द्या. फिकट कडा म्हणजे आत अजून ओलावा, आणि असे पॅनकेक बाहेर आल्यावर रबरी, सपाट होतात. वरून रंग चढला पण बुड ओलं वाटतंय, असं झालं तर १८० अंशांवर आणून आणखी तीन मिनिटं द्या. काढल्या काढल्या प्रत्येकाच्या बाजूला टूथपिकने एक भोक पाडा. अडकलेली वाफ निघून जाते आणि कडा मऊ पडत नाहीत.

फळं

कच्ची रसाळ फळं बॅटरमध्ये घालून भाजू नका. त्यांच्या वजनाने बॅटर दबतं, पाणी सुटतं आणि बुड चिखल होतं. सफरचंद किंवा नासपती आत हवंच असेल तर पातळ चकत्या बटरमध्ये परतून, पाणी आटवून घ्या, तेही थोड्याच.

वरून घालायच्या फळांना साखर लावली की १०-१५ मिनिटांत रस सुटतो. स्ट्रॉबेरी, पीच, आंबा, काहीही असो, तो रस फळांसकट पॅनकेकमध्ये ओतू नका. झाऱ्याने फळं उचला. रस छोट्या भांड्यात आटवून दाटसर करा आणि वेगळा वाढा. फ्रोझन बेरी असतील तर त्या वितळल्यावर बरंच पाणी सोडतात, त्यामुळे त्यांचा शिजवून सॉसच करावा. केळं आणि सफरचंद काळं पडू नये म्हणून लिंबाचे दोन थेंब पुरतात.

फळं फ्रीजमधून थेट नकोत, गरम पॅनकेक लगेच गार होतो. पिठीसाखर भुरभुरायची ती अगदी वाढताना आणि कोरड्या कडांवर, ओल्या फळावर ती विरघळून दिसेनाशी होते.

ब्रंचला चार माणसं येणार असतील तर टेबल मांडून, फळं कापून, सगळे बसल्यावरच ट्रे आत ढकला. १५ मिनिटं पाहुण्यांना थांबवता येतं, पॅनकेकला नाही. दोन ट्रे एकाच वेळी लावू नका. हवा खेळत नाही आणि खालचा ट्रे हमखास फिकट राहतो. एक निघाला की रिकामा करा, पुन्हा पाच मिनिटं तापवा आणि दुसरी खेप घाला.

उरलेच तर फळं न घालता ठेवा. १८० अंशांवर पाच मिनिटं गरम केले की कडा परत कुरकुरीत होतात. मायक्रोवेव्हमध्ये त्या चिवट होतात.