केमो चालू असताना तळपायांच्या बाबतीत या चुका टाळा

कॅपेसिटाबीन या केमोच्या गोळ्या सुरू होऊन काही आठवडे झाले की अनेकांचे तळपाय लाल व्हायला लागतात. आधी नुसती चुरचुर, मग आग, मग चालताना टाचेखाली कोणी निखारा ठेवल्यासारखं दुखणं. अशा वेळी आपल्या घरांत सगळ्यात आधी निघते ती काशाची वाटी. तूप लावून तळपाय घासले की उष्णता उतरते, हे आजीपासून ऐकलेलं असतं. पण ही आग उन्हाची किंवा जागरणाची नाही. औषधामुळे तळव्याच्या कातडीला इजा झालेली असते आणि दाब, घर्षण, गरमी या तिन्ही गोष्टींनी ती वाढते. वाटीने वीस मिनिटं घासणं म्हणजे त्या कातडीवर घर्षण आणि दाब दोन्ही एकदम. संध्याकाळी बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी साल निघते.

याला हॅंड-फूट सिंड्रोम म्हणतात. कॅपेसिटाबीन, ५-एफयू आणि लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन या औषधांनी तो होतो. सोराफेनिब, रेगोराफेनिबसारख्या टार्गेटेड (कॅन्सरच्या पेशींमधल्या ठरावीक गोष्टीवर नेम धरणाऱ्या) गोळ्यांनी होणारा प्रकार थोडा वेगळा असतो. त्यात सगळा तळवा लाल होत नाही, तर टाच, अंगठ्याचा उंचवटा अशा दाब पडणाऱ्या जागी जाड, दुखरे घट्टे येतात, तेही बहुधा पहिल्या महिन्यातच. म्हणून या गोळ्या सुरू होण्याआधी जुनी कुरुपं आणि घट्टे त्वचारोगतज्ज्ञाकडून काढून घ्यावेत. गोळ्या सुरू झाल्यावर घरी वज्रीने किंवा ब्लेडने काढायला जाणं आणि मेडिकलमधून आणलेली कॉर्न कॅप लावणं, दोन्ही टाळा. कॉर्न कॅपमधलं सॅलिसिलिक ॲसिड नाजूक झालेल्या कातडीला भाजतं.

गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवणं हीसुद्धा त्याच जातीची चूक. साधं गार पाणी चालतं, १०-१५ मिनिटं, मग टॉवेलने न चोळता टिपून घ्यायचं. मात्र सोबत ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असेल तर गार पाणीही नको, त्याबद्दल पुढे येतंच. मेंदी लावून थंडावा मिळतो असं पुष्कळजण सांगतात. अडचण अशी की मेंदीच्या रंगाखाली लाली झाकली जाते आणि डॉक्टरांना पाय नीट वाचता येत नाही. काळ्या मेंदीत तर बऱ्याचदा रासायनिक डाय असतो, त्याने फोड येऊ शकतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक

ती म्हणजे लपवणं. “सांगितलं तर औषध बंद करतील” ही भीती इतकी खोल असते की माणसं पायाला फोड आलेले असताना बूट घालून ओपीडीत येतात आणि “बाकी सगळं ठीक” म्हणतात. ही भीती समजण्यासारखी आहे, पण हिशेब उलटा आहे.

डॉक्टर तळपायांची तक्रार ग्रेडमध्ये मोजतात. ग्रेड १ म्हणजे लाली, सूज किंवा कोरडेपणा, पण दुखत नाही. ग्रेड २ म्हणजे दुखतं आणि बाजारहाट, स्वयंपाक, स्टेशनपर्यंत चालणं यांत अडथळा येतो. ग्रेड ३ म्हणजे फोड, भेगा, रक्त आणि स्वतःची आंघोळ-कपडेसुद्धा अवघड. एकट्या कॅपेसिटाबीनवर पहिल्यांदा ग्रेड २ झाला तर गोळ्या थांबवतात आणि तो ग्रेड १ किंवा त्याखाली उतरला की साधारणपणे त्याच डोसने पुन्हा सुरू करतात. तेच अंगावर काढून ग्रेड ३ पर्यंत गेलं, तर पुढचा डोस बहुधा ७५ टक्क्यांवर येतो आणि पाय भरून यायला वेळही जास्त लागतो. म्हणजे लवकर सांगणाऱ्याचा डोस टिकतो आणि लपवणाऱ्याचा कमी होतो. थांबलेल्या दिवसांच्या गोळ्या नंतर जास्तीच्या घेऊन भरून काढायच्या नसतात, हेही लक्षात ठेवा.

ग्रेड ठरतो तो तुमच्या सांगण्यावर. “पाय दुखतात” एवढ्याने काही ठरत नाही. “कोपरखैरणेच्या घरापासून भाजीमार्केटपर्यंत पूर्वी थांबल्याशिवाय जायचो, आता दोनदा बसावं लागतं” यातून ग्रेड कळतो. दर दोन दिवसांनी दोन्ही तळव्यांचा फोटो काढून ठेवा. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, दर वेळी तेवढ्याच अंतरावरून. कॅपेसिटाबीन बऱ्याचदा १४ दिवस गोळ्या आणि ७ दिवस सुट्टी असं चालतं. सुट्टीच्या आठवड्याच्या शेवटी ओपीडीची तारीख येते तेव्हा पाय सुधारलेला असतो आणि त्रास खोटा वाटतो, स्वतःलासुद्धा. अशा वेळी फोटो कामी येतो.

क्रीम: लावलं जातं, पण पुरेसं नाही

यूरिया १० टक्के असलेलं क्रीम हे यातलं सगळ्यात चांगलं अभ्यासलेलं औषध. सोराफेनिब घेणाऱ्या ८७१ रुग्णांवर चीनमध्ये झालेला आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पहिल्या दिवसापासून ते लावलं तर त्रास कमी होतो आणि उशिरा सुरू होतो. पहिल्या दिवसापासून हे महत्त्वाचं. पाय लाल झाल्यावर ट्यूब आणायला जाणं उशिराचं असतं.

मात्रेत सर्रास चूक होते. ट्यूबच्या तोंडातून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर काढलेली क्रीमची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एका पूर्ण पावलाला अशा दोन रेघा लागतात. दोन पावलं, दिवसातून दोनदा, म्हणजे रोज ४ ग्रॅम. ३० ग्रॅमची ट्यूब आठवड्याभरात संपली पाहिजे. ती महिनाभर पुरत असेल तर पायाला नुसता वास लागतोय. लावताना रगडू नका, पसरवा, वर सैल सुती मोजे घाला. २० ते ४० टक्क्यांचं यूरिया फक्त जाड घट्ट्यांसाठी असतं. फाटलेल्या कातडीवर ते झोंबतं.

डायक्लोफेनॅक जेलबद्दल हल्ली बरेच विचारतात. दिल्लीच्या एम्समध्ये कॅपेसिटाबीन घेणाऱ्या २६४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १ टक्का जेल दिवसातून दोनदा लावणाऱ्यांत ग्रेड २-३ चा त्रास ३.८ टक्क्यांना झाला, औषध नसलेलं जेल लावणाऱ्यांत १५ टक्क्यांना. आपल्याच देशात, स्वस्त औषधावर झालेलं हे काम मोलाचं आहे. पण यावरून कुठलंही वेदनाशामक जेल उचलू नका. दुकानात मिळणाऱ्या अनेक जेलमध्ये मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट मिसळलेलं असतं, ते जळजळ वाढवतं. डॉक्टरांना विचारून साधं जेलच घ्या. आणि बी-६ जीवनसत्त्वाच्या गोळ्या? कोरियात ३६० रुग्णांना रोज २०० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. २०१० मध्ये निकाल आला: हॅंड-फूट सिंड्रोम टळला नाही.

बर्फ कोणाला, ऊब कोणाला

वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या ताईंनी बर्फाचे मोजे घातलेले पाहून दुसऱ्या रुग्णाचे नातेवाईक तेच मागतात. औषध वेगळं असेल तर हे थेट उलटं पडतं. पॅक्लिटॅक्सेल, डोसीटॅक्सेल देताना हातापायांना गारवा दिल्याने तिथला रक्तप्रवाह कमी होतो आणि औषध कमी पोचतं. जपानमध्ये दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल घेणाऱ्यांच्या एकाच बाजूच्या हातापायाला गोठवलेले मोजे घालून पाहिलं, तर त्या बाजूला बधिरपणा बराच कमी होता. नखं वाचवण्यासाठी डोसीटॅक्सेलच्या वेळी थेंब सुरू होण्याआधी १५ मिनिटांपासून संपल्यावर १५ मिनिटांपर्यंत गारवा देण्याची पद्धत आहे. बर्फ कातडीला थेट लावायचा नाही, मध्ये कापड हवंच.

ऑक्सॅलिप्लॅटिन मात्र गारव्यानेच चावतं. सलाईननंतर चार-पाच दिवस तरी गार फरशीवर अनवाणी उभं राहणं, फ्रीजमध्ये हात घालणं, गार पाणी पिणं टाळायचं. ठाण्याला किंवा पनवेलकडे परतताना एसी बसने जाणार असाल तर पिशवीत लोकरीचे मोजे आणि मफलर जुलैतही ठेवा. लोक बघतील, बघू द्या.

बधिरपणा: केमो संपली म्हणून तो थांबत नाही

मुंग्या, सुया टोचल्यासारखं, पायाखाली सारखा मोजा असल्यासारखं वाटणं, ही मज्जातंतूंची तक्रार आहे, कातडीची नव्हे. क्रीमने ती जाणार नाही. ऑक्सॅलिप्लॅटिन आणि सिस्प्लॅटिनमध्ये शेवटच्या डोसनंतरही दोन-तीन महिने ती वाढत राहू शकते. “कोर्स संपलाय, आता कमी होईल” असं धरून बसणारे त्यामुळे घाबरतात. म्हणूनच कोर्स चालू असतानाच सांगायचं, कारण डोस कमी करण्याची किंवा औषध थांबवण्याची संधी तेव्हाच असते. मोठ्या आतड्याच्या तिसऱ्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी ऑक्सॅलिप्लॅटिन ६ महिने द्यावं की ३, याचा सहा चाचण्यांतल्या १२,८३४ रुग्णांवरचा अभ्यास २०१८ मध्ये आला तोच मुळी या त्रासापायी. ३ महिन्यांत बधिरपणा कितीतरी कमी होता आणि कमी जोखमीच्या रुग्णांत परिणाम जवळपास तितकाच. तुमच्या बाबतीत ३ की ६, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

“नसांची गोळी” म्हणून स्वतःच्या मनाने घेतलेल्या पूरक औषधांपासून सावध राहा. ॲसिटाइल-एल-कार्निटीन स्तनाच्या कॅन्सरच्या ४०९ रुग्णांत तपासलं गेलं आणि त्याने बधिरपणा उलट वाढला. आधीच झालेल्या वेदनेवर डुलोक्सेटिनचा उपयोग चाचणीत दिसला आहे, पण ते डॉक्टरच देतील. मधुमेह असेल, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल किंवा पूर्ण शाकाहार असेल तर केमोआधीच बी-१२ ची तपासणी मागून घ्या. आधीच अशक्त असलेल्या नसांवर औषधाचा मार जास्त बसतो.

बधिर पायाला बादलीतलं पाणी किती गरम आहे ते कळत नाही. कोपर बुडवून पाहा. अंगठ्यात अडकणारी सपाट चप्पल बोटांनी धरून ठेवावी लागते आणि बधिर बोटं ती धरत नाहीत, मग जिन्यात पाय मुरगळतो. मागे पट्टा असलेली, पुढे अंगठाभर मोकळी जागा असलेली सॅंडल घ्या, आणि खरेदी संध्याकाळी करा, पाय सुजलेला असताना. देवळात चपला बाहेर काढाव्या लागतातच, तेव्हा जाड मोजे घालूनच आत जा.

सगळंच केमोच्या खात्यावर टाकू नका

एकच पाय सुजला, पोटरी किंवा घोटा दुखतोय, गरम लागतोय, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. कॅन्सरमध्ये तिचा धोका वाढलेला असतो. तेल लावून चोळणं इथे जिवावर बेतू शकतं. त्याच दिवशी डॉप्लर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन.

टाचेच्या मागच्या दोरीत (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा टेंडन) अचानक कळ आली आणि तुम्ही लिव्होफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक घेत असाल, तर चालणं थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. या औषधांनी हा टेंडन तुटू शकतो. साठीपुढचं वय आणि सोबत स्टिरॉइड असेल तर धोका जास्त, आणि केमोबरोबर डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड बहुतेकांना मिळतंच.

पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. एरवी किरकोळ, पण पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना जंतूंना आत शिरायला तेवढं दार पुरतं. बेचके कोरडे ठेवा, क्रीम तिथे लावू नका. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर लेप्टोसाठी (अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिससाठी) काही घ्यायचं का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट न पाहता इमर्जन्सीत जा, पॅरासिटामॉल घेऊन झोपू नका.

चाचणीत भाग घेतला असेल तर

खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटाचं कॅन्सर संशोधन केंद्र) आणि परळच्या टाटा मेमोरियलमध्ये औषधं रुग्णांवर तपासण्याच्या अशा चाचण्या चालतात. त्यात सामील झालेल्यांच्या हातून काही ठरावीक चुका होतात. पहिली, डायरी ओपीडीच्या रांगेत बसून एका पेनाने एकदम भरणे. रोज रात्री दोन ओळी लिहा: किती वाजता किती गोळ्या, पायाला काय. दुसरी, रिकामी पाकिटं टाकून देणे. ती मोजायची असतात, पिशवीत जपून आणा. तिसरी, अभ्यासातलं क्रीम लावत असताना बाहेरचं दुसरं लावणे किंवा आपली ट्यूब शेजारच्या रुग्णाला देणे. तपासणीच्या दिवशी पाय धुऊन, क्रीम न लावता, नेलपेंट काढून या.

रात्री त्रास झाला आणि ठाण्यातल्या जवळच्या दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, तर अभ्यासाच्या समन्वयकांना लगेच फोन करा. गंभीर घटना २४ तासांत कळवणं संशोधकांवर बंधनकारक असतं आणि तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना ती कळणार नाही. औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. संमतीपत्राची प्रत मागून घ्या. त्यात एथिक्स कमिटीचा (रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा) फोन असतो आणि कधीही बाहेर पडण्याचा तुमचा हक्कही लिहिलेला असतो. बाहेर पडलं तर नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

एक गोष्ट पायाची नाही, पण याच औषधाची. कॅपेसिटाबीनने बोटांचे ठसे पुसट होतात. रेशन दुकानात, बॅंकेत आधारचं मशीन अंगठा ओळखत नाही आणि माणूस गोंधळतो. बोट पुन्हा पुन्हा दाबून साल काढू नका. चेहरा, बुबुळ किंवा ओटीपीने ओळख पटवता येते का विचारा, आणि “औषधामुळे ठसे उमटत नाहीत” असं डॉक्टरांचं पत्र पहिल्या महिन्यातच घेऊन आधार कार्डासोबत ठेवा.