सीओपीडीचा त्रास पुन्हा पुन्हा उसळतो? घरातल्या या चुका टाळा

सीओपीडी हा श्वासनलिका अरुंद होत जाण्याचा आणि फुप्फुसांची लवचिकता कमी होण्याचा जुनाट आजार आहे. तो पूर्ण बरा होत नाही, मात्र नीट काळजी घेतल्यास वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो. आटोक्यात असलेला रुग्ण एकाएकी धापा टाकू लागला की घरचे लोक हवा बदलल्याचे कारण सांगतात. सोलापुरात औषधाच्या दुकानात उभे राहून हे कारण मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता मी थेट घरातल्या खोलीची, स्वयंपाकाची आणि पंपाची (इनहेलरची) चौकशी करतो. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते. प्रत्येक उसळीनंतर फुप्फुसे पूर्वीच्या पातळीवर परत येतीलच असे नसते, म्हणून ही चौकशी दम लागण्याआधी व्हायला हवी.

सर्वांत जास्त नुकसान करणारी आणि सर्वांत कमी दिसणारी चूक म्हणजे झोपण्याच्या खोलीतला धूर. शहराच्या पूर्व भागात राहणारे एक निवृत्त यंत्रमाग कामगार आमचे नेहमीचे गिऱ्हाईक आहेत. बिडी त्यांनी केव्हाच सोडली होती, पंप वेळेवर घेत होते, आणि तो ओढण्याची पद्धत मी स्वतः तपासली होती. तरीही थोड्या थोड्या दिवसांनी त्यांची छाती भरायची आणि घरच्यांना औषधावरच शंका येऊ लागली होती. एकदा संध्याकाळी त्यांची औषधे पोचवायला मी घरी गेलो. डास येऊ नयेत म्हणून खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या, काकांच्या खाटेखाली पालथ्या वाटीवर मच्छर कॉइल जळत होती, तिच्याभोवती आदल्या रात्रींच्या राखेची वेटोळी तशीच पडलेली होती आणि ट्यूबलाइटच्या खाली धुराचा थर स्पष्ट दिसत होता. सूनबाई मनापासून म्हणाल्या, ‘‘आमच्याकडे धूर नाही हो, गॅस आहे.’’ त्यांच्या लेखी धूर म्हणजे चुलीचा. एका कॉइलमधून बाहेर पडणारे सूक्ष्म धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटी जाळल्यावर निघणाऱ्या कणांइतके असतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले आहे. आणि तो धूर हे गृहस्थ बंद खोलीत रात्रभर ओढत होते.

डासांचे मूळही दारातच होते. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे घरोघरी पिंप भरून ठेवावे लागतात आणि उघड्या पिंपात डास वाढतात. कॉइल बंद करा एवढे सांगून हे प्रश्न सुटत नाहीत, म्हणून मी नेहमी तीन गोष्टी एकत्र सांगतो: पिंपावर जाड कापड घट्ट बांधावे, आठवड्यातून एकदा ते रिकामे करून घासून कोरडे करावे आणि रुग्णाच्या खाटेला मच्छरदाणी लावावी. मच्छरदाणीत गुदमरते अशी तक्रार ज्येष्ठ मंडळी करतात. त्यांना हवा खेळती राहील पण डास आत शिरणार नाहीत अशी जाळी आणून द्यावी, पण कॉइलकडे परत वळू नये. धुराच्या अगरबत्तीसारख्या काड्या हा कॉइलला पर्याय नाही.

देवघरातल्या धूप, कापूर आणि उदबत्तीबद्दल बोलले की लोकांना वाईट वाटते, परंतु श्रद्धेला धक्का न लावता हे सांगावेच लागते: निरांजन लावावे, धूप रुग्ण नसलेल्या खोलीत किंवा अंगणात फिरवावा. लाल मिरची भाजताना आणि शेंगाचटणीसाठी तिखट कुटताना रुग्णाने घराबाहेर बसावे. ज्या घरात बिड्या वळल्या जातात, तिथे तंबाखूचे सूप रुग्णाच्या खोलीत असू नये. घरातल्या दुसऱ्या कोणी ‘गॅलरीत जाऊन’ ओढलेली बिडीही कपड्यांवरून आणि दारातून आत येतेच. न्हाणीघर धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र वापरू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो निरोगी माणसालाही घातक आहे. नवरात्राआधी जळमटे काढण्याच्या दिवशी रुग्णाला नातेवाइकांकडे पाठवावे आणि झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत शोभेचे दारूकाम पाहायची इच्छा असेल तर ते लांबून, वारा पाठीशी ठेवून पाहावे.

उन्हाळ्यातली एक चूक मात्र खास आपल्या गावाची म्हणावी अशी आहे. पारा चाळिशीच्या पुढे गेला की माळ्यावरचा कूलर खाली येतो आणि गेल्या वर्षीच्या गवताच्या जाळ्यांसह तसाच सुरू होतो. त्या जाळ्यांत धूळ आणि बुरशी साठलेली असते आणि पहिल्या रात्री ती सगळी रुग्णाच्या तोंडावर फेकली जाते. जाळ्या दर वर्षी नव्या घालाव्यात, टाकी घासून उन्हात वाळवावी आणि कूलर पहिला तासभर रुग्ण खोलीत नसताना चालवावा. कडक उन्हात शरीरातले पाणी कमी झाले की कफ घट्ट होतो, म्हणून डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातले नसेल तर थोडे थोडे पाणी पीत राहावे.

आता पंपाविषयी, कारण इथे घाई करणाऱ्यांचा मला खरोखर त्रास होतो. नव्याने निदान झालेला रुग्ण रोजचा पंप आठवडाभर घेतो, ‘काहीच फरक वाटत नाही’ म्हणून बंद करतो आणि तात्काळ आराम देणारा साल्ब्युटामॉलचा पंप तेवढा मागतो. रोजचा पंप हा उसळी येऊ नये म्हणून असतो. तो ओढल्याबरोबर छाती मोकळी झाल्यासारखे वाटले नाही तरी तो काम करत असतो. पंपाची सवय लागते ही समजूत चुकीची आहे. मी प्रत्येक नव्या रुग्णाला दुकानातच पंप ओढून दाखवायला लावतो, मागे रांग असली तरीही, कारण पावडरची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे लोक मी पाहिलेले आहेत. दाबाचा पंप सावकाश आणि खोल ओढून शक्य तितका वेळ, दहा सेकंदांपर्यंत, श्वास रोखायचा असतो, तर पावडरचा पंप जोरात ओढायचा असतो. दाबाच्या पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, लावलेला बरा. स्टेरॉइड असलेला पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकून टाकावी, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात. पंपाच्या डब्यावर तो उघडल्याची तारीख लिहिण्याचा माझा आग्रह असतो. तो किती दिवस पुरला यावरूनच बरेच कळते. आराम देणारा पंप नेहमीपेक्षा लवकर संपू लागला असेल तर दुसरा विकत घेण्याआधी डॉक्टरांना भेटावे.

याहून वाईट शॉर्टकट म्हणजे मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून स्टेरॉइडच्या गोळ्या आणि अँटिबायोटिक मागणे. मी देत नाही आणि त्यावरून वाद होतात. डॉक्टरांनी तपासून दिलेला या गोळ्यांचा थोड्या दिवसांचा कोर्स उसळीत उपयोगी पडतो. आपल्या मनाने वरचेवर घेतल्यास रक्तातली साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि जंतुसंसर्ग बळावतो.

साध्या सर्दीकडे दुर्लक्ष करू नये, कारण बहुतेक उसळ्यांची सुरुवात संसर्गातूनच होते. सर्दी झालेल्या नातवंडांनी आजोबांजवळ झोपू नये, फ्लूची लस दर वर्षी घ्यावी आणि न्यूमोनियाच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारावे. नेहमीपेक्षा जास्त दम लागणे, कफ वाढणे आणि पांढरा कफ पिवळा किंवा हिरवा होणे ही धोक्याची चिन्हे आहेत. ती दिसल्यावर ‘सोमवारपर्यंत बघू’ म्हणत थांबू नये. घरी ऑक्सिजन असलेल्यांनी दम लागला म्हणून आपल्या मनाने ऑक्सिजनचा प्रवाह वाढवू नये. या आजारात रक्तातल्या ऑक्सिजनची साधारण ८८ ते ९२ टक्के पातळी राखली जाते आणि त्याहून जास्त ऑक्सिजन दिल्यास काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते.

एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील किंवा रुग्ण गुंगीत जात असेल, तर वाफ देत बसण्याऐवजी १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत रुग्णाला पुढे झुकवून बसवावे, आडवे करू नये, आणि सगळे पंप, गोळ्या व जुने रिपोर्ट एका पिशवीत भरून सोबत न्यावेत.